तुंबाडच्या पावसात भात कुठे गेलं?

‘तुंबाड’ बघितलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? पाऊस, वाडा आणि हस्तर. 2018 मध्ये राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा आला, तेव्हा तो थिएटरमध्ये फार दिवस टिकला नाही. मग तो मोबाईलवर पसरला, त्याच्या रील्स झाल्या, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा पडद्यावर आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यावर ‘लोभाचं रूपक’ म्हणून इतकं लिहून आणि बोलून झालंय की त्यात आणखी भर घालायची गरज नाही.

माझा प्रश्न साधा आहे. या गावावर पाऊस थांबता थांबत नाही. कोकणात पाऊस म्हणजे भात. मग तुंबाडमधलं भात कुठे आहे? आणि ते लावणारी, कापणारी, झोडणारी माणसं?

भयपटाकडे शेतीचा हिशेब मागणं खोडसाळपणाचं वाटेल. पण वाडा हवेत उभा राहत नाही. त्याच्या तुळया, चौक, तळघर, देवघर, सगळं कुणाच्या तरी खंडातून उभं राहिलेलं असतं. वाड्याची गोष्ट सांगताना तो हिशेब ठेवायचा की गाळायचा, हे कलावंत ठरवतो. म्हणूनच तो हिशेब मागता येतो.

नाव कुठून आलं

सिनेमाची गोष्ट नारायण धारपांच्या कथेच्या प्रेरणेतून आली, पण नाव आलं श्री. ना. पेंडशांकडून. ‘तुंबाडचे खोत’ ही त्यांची दोन खंडांची कादंबरी 1987 साली प्रसिद्ध झाली. खेडजवळ जगबुडी नदीच्या काठचं तुंबाड आणि तिथल्या खोत घराण्याच्या पिढ्या हा तिचा विषय. जाडी बघून घाबरू नका. कादंबरी एकदा पकडली की सुटत नाही, कारण पेंडशांना माणसांचा माज, हट्ट, वेड आणि चांगुलपणा एकाच कुटुंबात दाखवता येतो. ते स्वतः दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. हा मुलूख त्यांना आतून ठाऊक होता.

‘खोत’ हे आडनाव म्हणून आपल्याला माहीत आहे. पण खोत ही मुळात एक व्यवस्था होती. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी खोताची, आणि गावकऱ्यांकडून धान्य वसूल करायचा हक्कही त्याचाच. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची, कुळाकडून त्याहून पुष्कळ जास्त घ्यायचं, मधलं आपलं. अर्धेलीच्या कुळाचं निम्मं भात खोताच्या खळ्यावर जायचं. वर वेठ वेगळी: खोताचं छप्पर शाकारायचं, शेत नांगरायचं, पालखी उचलायची, आणि मजुरी मागायची नाही. 1880 च्या खोती कायद्याने या नात्याला कागदोपत्री चौकट दिली, पण ते नातं मोडलं नाही. लोकमान्य टिळकांचं घराणं चिखलगावचं खोत होतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोतांचे हक्क कमी करणारा कायदा येऊ लागला तेव्हा टिळक खोतांच्या बाजूने उभे राहिले. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

म्हणजे पेंडशांच्या तुंबाडच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. कादंबरी तो लपवत नाही. मात्र ती खोताच्या माजघरात बसून सांगितलेली आहे. कुळं येतात, जातात, इमानी असतात किंवा उलटतात, पण मध्यभागी घराणंच राहतं. वाचताना आपण नकळत त्या घराचेच होतो. घराचा ऱ्हास झाला की वाईट वाटतं. उत्तम कौटुंबिक कादंबरीची ती ताकद आहे, आणि तिची मर्यादाही तीच.

सिनेमाने नाव उचललं आणि ‘खोत’ हा शब्द मागे ठेवला. राहिला एक म्हातारा, ज्याला सगळे नुसतं ‘सरकार’ म्हणतात. खोताला, जमीनदाराला गावाने सरकार म्हणावं यात नवल काहीच नाही. गावापुरता तोच सरकार होता.

आयर्लंडमधले वाडे

इथे थोडं लांब जाऊया, कारण वाड्याच्या गोष्टी सांगण्यात आयरिश लोकांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्याकडे या प्रकाराला वेगळं नाव आहे: ‘बिग हाऊस’ कादंबरी. इंग्लंडने आयर्लंड जिंकलं, जमिनी आपल्या लोकांना वाटल्या, त्या लोकांनी मोठे वाडे बांधले, आणि आजूबाजूचे आयरिश शेतकरी त्यांची कुळं झाले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि मधे खंड वसूल करणारा कारभारी.

1800 साली मारिया एजवर्थ यांची ‘कॅसल रॅकरेंट’ ही छोटी कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. रॅकरेंट म्हणजे कुळाला पिळून काढणारा खंड. मारियाबाई स्वतः जमीनदाराच्या कन्या. वडिलांच्या इस्टेटीचे हिशेब त्या सांभाळत. त्यांनी रॅकरेंट घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट सांगायला लावली ती थॅडी क्वर्क नावाच्या म्हाताऱ्या नोकराला. थॅडी मालकांची स्तुतीच करतो. मालक किती दिलदार, किती मोठ्या मनाचे! पण स्तुती करता करता जे जे सांगून जातो त्यातून मालकांची दारू, जुगार, कोर्टकज्जे, कुळांची पिळवणूक सगळं बाहेर पडतं. शेवटी इस्टेट जाते ती थॅडीच्याच मुलाकडे. तो वकील झालेला असतो, आणि मालकांचे कर्जाचे कागद त्याने एक एक करून गोळा केलेले असतात. वाड्याचा शेवट वाड्याचेच कागद करतात.

दुसरं उदाहरण एलिझाबेथ बोवेन यांचं. ‘बोवेन्स कोर्ट’ (1942) हे पुस्तक म्हणजे त्यांनी लिहिलेला स्वतःच्या घराण्याचा आणि कॉर्क परगण्यातल्या इस्टेटीचा इतिहास. घराण्याचा मूळ पुरुष क्रॉमवेलच्या सैन्यासोबत आलेला. दंतकथा अशी, की त्याचा ससाणा उडत जाईल तेवढी जमीन त्याला मिळाली. मोठं घर अठराव्या शतकात बांधलं गेलं. 1930 मध्ये ते एलिझाबेथना वारशाने मिळालं. त्यांचं या घरावर जीवापाड प्रेम होतं. पण आपल्या लोकांची सत्ता मुळातच एका अन्यायावर उभी होती, हे त्या त्याच पुस्तकात सरळ कबूल करतात. 1919 ते 1923 या काळात आयर्लंडमध्ये असे सुमारे पावणेतीनशे वाडे जाळले गेले. बोवेन्स कोर्ट त्यातून वाचलं, पण ते चालवणं परवडेना. 1959 मध्ये बाईंनी विकलं आणि 1961 मध्ये ते पाडलं गेलं.

आणि तिसरी गोष्ट: भूत. ‘अंकल सायलस’ लिहिणारे शेरीडन ल फानू डब्लिनचे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारे ब्रॅम स्टोकरही डब्लिनचे, जन्म 1847, म्हणजे भीषण दुष्काळाच्या ऐन मध्यातला. जुना वाडा, बंद खोली, वंशाला लागलेला शाप, गावकऱ्यांच्या रक्तावर जगणारा उमराव. या भयकथा ज्यांनी लिहिल्या ते बहुतेक मालकांच्याच समाजातले. अनेक समीक्षकांनी म्हटलंय, की हे भूत म्हणजे त्या समाजाच्या मनातली टोचणी. जमीन आपली नाही हे माहीत आहे, पण सांगता येत नाही. मग ते रात्री भिंतीतून बाहेर येतं.

‘तुंबाड’ या नात्यातला सिनेमा आहे. बर्वेंनी ही पुस्तकं वाचली होती की नाही याला महत्त्व नाही. मालकीचा वाडा असला, की त्याच्या गोष्टी कोकणातही तशाच उगवतात.

साखळीतली बाई

एक जागा बघा. ‘कॅसल रॅकरेंट’मध्ये सर किट नावाचा मालक श्रीमंत घरातली बायको करून आणतो. तिच्याजवळ हिरे असतात, ती ते देत नाही. म्हणून तो तिला सात वर्षं खोलीत कोंडून ठेवतो. थॅडी हे इतक्या सहज सांगतो की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

‘तुंबाड’मध्ये साखळीने बांधलेली आजी आहे. खजिन्याचं गुपित तिला माहीत आहे. तिला खायला घालायचं, झोपवायचं, हस्तरचं नाव घेऊन घाबरवायचं काम विनायकच्या आईचं. आई सरकारची ठेवलेली बाई. एका सोन्याच्या नाण्यासाठी तिने वर्षानुवर्षं त्या म्हाताऱ्याची सेवा केलेली आहे. पुढे विनायक मोठा होऊन परत येतो तेव्हा आजीच्या शरीरातून झाड उगवलेलं असतं आणि ती अजून जिवंत असते. गुपित कळल्यावर तो तिला जाळून मोकळं करतो.

माझ्या मते सिनेमातला सगळ्यात खरा भाग हा आहे. हस्तरपेक्षाही खरा. वाड्याची मालमत्ता बायकांच्या अंगावरून जाते, हे त्याला नीट कळलंय. आई नाण्यासाठी शरीर देते, आजीचं शरीरच वाड्याचा भाग होतं. सर किटच्या बायकोसारखीच, संपत्ती आणि कैद एकाच कडीत अडकलेली. इथे बर्वे एजवर्थच्या तोडीचं काम करतात, आणि पेंडशांपेक्षा निर्दयपणे करतात.

म्हणूनच पुढची उणीव जास्त जाणवते.

धान्य न मिळालेला देव

हस्तरची कथा आठवा. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याने आईचं सोनं घेतलं, धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला अडवलं. म्हणून तो कायमचा भुकेला. सोनं आहे, अन्न नाही. म्हणून विनायक कणकेच्या बाहुल्या घेऊन विहिरीत उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, आणि तेवढ्यात लंगोटीतून नाणी काढायची.

कल्पना अप्रतिम आहे. सोनं आणि धान्य यांच्यातला हा व्यवहार म्हणजे खोताचाच व्यवहार. खळ्यावर येतं ते भात आणि वाड्यात साठतं ते सोनं. पिकवणाऱ्याचं पोट रिकामं राहतं. या दंतकथेत फक्त भूमिका उलट झालेल्या आहेत. खऱ्या कोकणात उपाशी होतं ते कूळ, आणि सोनं होतं खोताकडे. सिनेमात उपाशी आहे तो खजिन्याचा राखणदार, आणि त्याला फसवून सोनं काढणारा विनायक हा आपला नायक.

तुंबाडच्या त्या पावसात एकही आवण चिखलात रोवलेलं लक्षात राहत नाही. वाड्याच्या पायरीशी टोपी काढून उभं असलेलं एकही कूळ आठवत नाही. खंड, फारीक, थकबाकी, जप्ती यातलं काहीच नाही. संपत्ती जमिनीतून येते हे खरं, पण ती नांगराने येत नाही, विहिरीतल्या देवाच्या लंगोटीतून येते. त्यामुळे पाप कुणाचं? लोभाचं. लोभ तर सगळ्यांनाच असतो, तुम्हाला, मला, विनायकला. बाहेर पडताना आपण म्हणतो, खरंच, माणसाला किती हाव असते. आणि खोती नावाची एक ठरावीक, कायदेशीर, नोंदवहीत लिहिलेली व्यवस्था या सगळ्यातून अलगद निसटून जाते.

शेवट बघा. स्वातंत्र्य येतं, आता नवं सरकार वाडा ताब्यात घेणार ही बातमी येते. विनायकला घाई होते. मग तो भयंकर शेवट, आणि पांडुरंगाचा नकार. मुलगा बापाने पुढे केलेली लंगोट घेत नाही. सुंदर प्रसंग आहे. पण वारसा असा संपत नाही. कोकणातल्या एखाद्या खोताच्या मुलाला उपरती झाली म्हणून खोती संपली नाही. रायगडमधल्या चरी गावच्या आणि आसपासच्या कुळांनी 27 ऑक्टोबर 1933 पासून शेतं कसायचंच बंद केलं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जवळपास सहा वर्षं. जंगलातली लाकडं विकून, कंदमुळं खाऊन दिवस काढले. आयर्लंडमध्ये 1880 साली मेयो परगण्यातल्या शेतकऱ्यांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याचं काम करायचं नाकारलं, त्यावरून जगाला ‘बॉयकॉट’ हा शब्द मिळाला. चरीच्या संपावरून जगाला शब्द मिळाला नाही, पण काम तेच होतं, आणि किती तरी जास्त काळ चाललं. खोती कायद्याने रद्द झाली ती त्यानंतर, 1949 च्या कायद्याने.

‘तुंबाड’मध्ये वाड्याकडे येणारं सरकार दिसतं, पण ते सरकार कुणाच्या रेट्याने येतंय ते दिसत नाही. गंमत म्हणजे राही बर्वेंचे वडील अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ ही नक्षलवादी कैद्याची कादंबरी लिहिणारे. मुलाने वडिलांसारखंच लिहावं असा काही नियम नाही. पण या घरात जमिनीचा प्रश्न अनोळखी नव्हता, एवढं नक्की.

पालघरची बाजू

वाडा बाहेरून कसा दिसतो हे वाचायचं असेल तर कोकणात खाली जायची गरज नाही. आमच्या जिल्ह्यातच ते पुस्तक घडलंय. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, 1970 साली प्रसिद्ध झालं, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या तलासरी, डहाणू भागातल्या वारल्यांची ही गोष्ट. जमिनी गेलेल्या, सावकार आणि जमीनदारांकडे वेठबिगार झालेल्या. लग्नासाठी थोडं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबायला. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथून वारली परतले, आणि मे महिन्यात झरी गावच्या सभेत वेठ करायची नाही असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. वेठ मात्र परत आली नाही.

या पुस्तकातही जमीनदाराचा वाडा आहे. पण आपण त्याच्या आत जात नाही. आपण अंगणात उभे असतो, जिथे माणसाला खांबाला बांधून मारतात. पेंडशांनी आपल्याला माजघर दिलं, बर्वेंनी तळघर दिलं. परुळेकरांनी अंगण दिलं. पुस्तकाची भाषा साधी आहे, कधी कधी अहवालासारखी. शैलीत पेंडसे कितीतरी पुढे. तरीही ‘तुंबाड’ बघून झाल्यावर हे पुस्तक हातात घेतलं, की आपण इतका वेळ चुकीच्या गोष्टीला घाबरत होतो असं वाटायला लागतं.

अर्थात गोदावरीबाईही बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, शहरी. थॅडीची गोष्टही एका मालकाच्या मुलीनेच लिहिली. वाड्याची गोष्ट कुळाने स्वतः लिहिलेली मराठीत शोधायला गेलं तर हात आखडता येतो. लोकगीतं आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, अलीकडची काही आत्मकथनं आहेत. पण दोन खंडांची ‘तुंबाडची कुळं’ अजून यायची आहे.

आपल्या अ‍ॅग्रीमेंटमधला वाडा

मी एव्हरशाईन सिटीत राहतो. वसई पूर्वेला. इथे वाडा नाही, शाप नाही, लिफ्ट आहे आणि पाण्याच्या टँकरची वाट आहे. भोवती आचोळे, गोखिवरे, वालीव ही जुनी गावं. रिक्षावाले अजून तीच नावं घेतात. पश्चिमेला किल्ल्यात पोर्तुगीज उमरावांच्या घरांचे सांगाडे आहेत. 1534 ते 1739 या दोनशे वर्षांत इथली गावंच्या गावं त्यांच्या नावे होती. आता तिथे प्री-वेडिंग शूट होतात. आमच्यापैकी बहुतेकांना वाटतं, जमीनदारी, खोती, हे सगळं कादंबऱ्यांत आणि पडद्यावर. आपण तर कर्जाचे हप्ते भरून फ्लॅट घेतलेली माणसं.

घरातल्या कपाटातून फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट बाहेर काढा. सही करताना जी पानं आपण उलटत गेलो ती वाचा. वसई-विरारमधल्या अनेक करारांत ती साधारण सारखीच असतात. गाव मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. मूळ मालक अमुक. त्यांच्या पश्चात वारस इतके. अमुक साली कूळ म्हणून नोंद. मग कूळकायदा: 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. कलम 32-ग प्रमाणे किंमत ठरली, 32-म चं प्रमाणपत्र मिळालं. कलम 43 प्रमाणे विकायला परवानगी घेतली. मग कुलमुखत्यारपत्र. मग बिगरशेती परवाना. मग विकासक. मग तुम्ही.

एका परिच्छेदात चार पिढ्या. ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत जे सांगते त्याचा हा सगळ्यात कोरडा, सगळ्यात छोटा मसुदा. आणि इथे एक मजा आहे. या मजकुरात कूळ आहे. नावासकट, वडिलांच्या नावासकट. कादंबरीने ज्याला पडवीत बसवलं, सिनेमाने ज्याला फ्रेमच्या बाहेर ठेवलं, त्याला तलाठ्याच्या फेरफाराने जागा दिली. थॅडीच्या मुलासारखंच, कागदांनी वाडा हलवला. फरक एवढाच, की 1957 मध्ये मालक झालेल्या कुळाचे वारस पुढच्या पन्नास वर्षांत कुठे गेले, कितीला विकून गेले, त्यांच्यातलं कोण आज आपल्याच सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतं, हे कागद सांगत नाही. तिथून पुढे लेखकाचं काम सुरू होतं.

‘तुंबाड’ मला आवडतो. त्याची प्रत्येक फ्रेम कष्टाने कमावलेली आहे, आणि मराठी मुलखातल्या भीतीला इतकं देखणं रूप आधी कुणी दिलं नव्हतं. त्याच्यावर राग नाही. पण आता त्या पावसात पुन्हा कुणी कॅमेरा नेणार असेल, तर विहिरीत उतरण्याआधी त्याने वाड्याच्या मागच्या बाजूला जावं. तिथे खळं असेल. खळ्यावर भाताची रास असेल, अर्धी मोजून बाजूला काढलेली. बाजूला एक बाई सुपाने उरलेलं पाखडत बसलेली असेल. तिने वाड्याकडे बघून काय म्हटलं, ते ऐकून यावं.